परतीचं इंधन

हे लिहायचंच नव्हतं मला, मित्रांनो. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं. यात चूक माझीही आहे, आणि आपली चूक आपल्याच तोंडाने सांगायची म्हणजे जिवावर येतं. पण उद्या मी असेन की नाही, माहीत नाही. म्हणून सांगून टाकतो.

मी एक जुना मालवाहू ताफा आहे. कॉम्प्युटरवरच्या एका भल्यामोठ्या युद्धाच्या गेममधला. सोळा विमानांचा. म्हणजे होतो सोळांचा. आता पाच उरलीत.

मला कुठल्या कारखान्यात बनवलेलं नाही. कुणीतरी बसून माझ्या नावापुढे आकडे भरले. वेग इतका, पल्ला इतका, वजन इतकं. थकव्याचा एक रकाना ठेवला, त्यात शून्य टाकलं. झालो तयार.

माझा मालक लिफ्ट दुरुस्त करतो. समोरून खेळतो त्याचा शाळेपासूनचा दोस्त, दातांचा डॉक्टर. दोघं एकेका दिवसाची चाल करून फाइल एकमेकांना पाठवतात. नकाशावर चार हजार तुकड्या आहेत. प्रत्येकीला रोज खायला लागतं, प्यायला लागतं. पण हे ध्यानात ठेवायला मजा थोडीच येते!

सुरुवातीला माझं काय कौतुक होतं! डोंगरापलीकडे अडकलेली अख्खी पलटण मी वीस दिवस पोसली. मालकाने टेबलावर हात आपटला, "शाब्बास रे माझ्या वाघा!" कीबोर्डवर चहा सांडला. तेव्हापासून एक बटण चिकटतं.

मग लढाऊ विमानं आली. चकचकीत, वेगवान. मालकाचा सगळा जीव त्यांच्यात. मला त्याने बेटाचं काम लावलं, 'रोज हेच' या चौकटीत टिक केली आणि विसरून गेला.

बेटाला चारी बाजूंनी वेढा. आत नऊ हजार सैनिक, एक धावपट्टी, आणि त्या धावपट्टीवर छोट्या. छोट्या म्हणजे लढाऊ विमानांचा ताफा, माझा जिवाचा दोस्त. डॉक्टरची बॉम्ब टाकणारी विमानं आली की त्यांना हाकलणारा तिथे तो एकटाच.

"आला का हमाल?" मी उतरलो की तो ओरडायचा.

"आलो. एका विमानात दहा पिंपं इंधन, तेवढ्याच वजनाचं धान्य. मोजून घे."

"तुझ्यावर विश्वास आहे रे. तुझ्या नाकावर नाही, फार मोठं आहे."

असे सव्वीस दिवस गेले. एक खाडा नाही. थकवा शून्यावरून एक्क्याण्णववर गेला. एक विमान धुक्यात गेलं. दोन विमानं धावपट्टी चुकली. मग रोज एखादं. रात्रीच्या अहवालात ओळ यायची, पण अहवाल चाळीस पानी आणि मालक लढायांपुरताच वाचायचा.

एक दिवस छोट्या म्हणाला, "हमाल, तू रोज आणतोस, मग माझी टाकी रोज खाली का जाते?"

"डास पीत असतील," मी म्हणालो. तो हसला. मी पण हसलो. मला ठाऊक नव्हतं असं नाही. थोडं होतं.

आज दुपारी डॉक्टरचा फोन आला. "काय रे, तुझे बेटावरचे शूरवीर झोपलेत का? बॉम्ब टाकून गेलो, एक विमान वर आलं नाही! बेट देतोस की काढू उपटून? भूल देऊन काढतो हवं तर."

मालक पांढराफटक पडला. त्याची थोरली बहीण शेजारी बसून शेंगा सोलत होती. ती मालट्रक चालवते.

"इंधन जातं ना तिकडे?" तिने विचारलं.

"रोज जातं, ताई! सव्वीस दिवस!"

"आणि विमानं परत कशी येतात?"

"उडत येतात, आणखी कशी!"

"अरे शहाण्या, परतीचं कुठून भरतात ते विचारतेय."

मालकाने माझ्यावर क्लिक केलं. सव्वीस दिवसांत पहिल्यांदा. खिडकी उघडली. बेट माझ्या पल्ल्याच्या अगदी टोकाला, त्यामुळे एकेका विमानाने दहा पिंपं उतरवलेली आणि परत यायला बेटाच्याच टाकीतून बारा भरलेली. रोज.

"आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय," ताई म्हणाली.

मित्रांनो, ते कुत्रं मी.

"पाचच राहिली?" मालक पुटपुटला. "कधी रे? मला कुणी सांगितलं नाही."

"कोण सांगणार? तू विचारलंस का?"

त्याने 'परतीचं इंधन सोबत' वर टिक केली. आता परतीची बारा पिंपं मीच न्यायची, धान्य बाजूला ठेवलं तरी मालाला जागा उरते फक्त आठ पिंपांची. पाच विमानांची मिळून चाळीस. छोट्याची टाकी आता कोरडी आहे, आणि त्याला एकदा उडायला तीस लागतात. म्हणजे एक विमान पडलं तरी चालेल. दोन पडली की संपलं. आणि उद्या डॉक्टर पुन्हा येणार. छोट्या जमिनीवर राहिला तर धावपट्टी जाईल, छोट्या जाईल, मग ते नऊ हजार.

मित्रांनो, तुमच्यासाठी कुणी गुपचूप ओझी वाहत असेल, तर त्याला 'रोज हेच' सांगून निघून जाऊ नका. मधूनमधून विचारा, थकलास का, किती उरलास. आणि वाहणारे तुम्हीच असाल, तर माझ्यासारखं हसण्यावारी नेऊ नका. बोला.

आता इंजिनं सुरू झालीत. आभाळ खराब आहे, सोबतीला लढाऊ विमान एकही नाही.

छोट्या, ऐक. हुकूम माल उतरवून परत यायचा आहे. पण एका विमानात वीस पिंपं आहेत, परतीची धरून. दोन पोचली तरी तुझं काम भागतं. दोन-तीनच पोचली, तर परतीची सगळी तुझ्या टाकीत ओतेन आणि तिथेच थांबेन. तुझ्यातलं थेंबभरसुद्धा आता घेणार नाही. शब्द देतो.