अंबर सिस्टिम्स लिमिटेडचा शिक्का

मित्रांनो, मला पहिल्यांदा पाहणारा माणूस मला स्टेपलर समजतो. पण मी कागदाला टोचत नाही. मी लोखंडी शिक्का आहे, एका बंद पडलेल्या कंपनीचा. माझ्या तोंडात पितळेच्या दोन गोल चकत्या आहेत. एकीवर अक्षरे खोल कोरलेली आहेत, दुसरीवर तीच उठावदार. मधे कागद ठेवून माझा दांडा दाबला, की शाईच्या थेंबाशिवाय कागदावर अक्षरे उमटतात. तेवढ्या जागी कागदाचे तंतू ताणले जातात आणि मग कागद कितीही घासला तरी पूर्वीसारखा सपाट होत नाही. माझे वजन सव्वा किलो आहे. आयुष्यात मी एकूण सात वेळा दाबला गेलो. त्यातल्या सातव्या वेळेचे दुःख मला अजून आहे.

माझे अंग बर्मिंगहॅमच्या एका लहान कारखान्यात ओतले गेले. तिथे मी मुका होतो, कारण चकत्या कोऱ्या होत्या. २००६ च्या फेब्रुवारीत त्यांच्यावर नाव कोरले गेले, 'अंबर सिस्टिम्स लिमिटेड', आणि पोस्टाने मी इंग्लंडमधल्याच रीडिंग या गावी पोहोचलो. खोके उघडले ते मंजिरीने. तिने आधी दांडा खालीवर करून पाहिला, मग डोळा जवळ नेऊन दोन्ही चकत्या तपासल्या. इतके नीट मला नंतर कुणी पाहिले नाही.

मंजिरी आणि तिचा नवरा अंबरीश जानेवारीत पुण्याहून आले होते. अंबरीश तेहतीस वर्षांचा, इंजिनियर. कुशल कामगारांसाठी असलेल्या व्हिसावर त्याला एक वर्ष मिळाले होते. पुढचे वाढवून घ्यायचे होते. मोटरवेच्या कडेच्या एका ऑफिसात त्याला सॉफ्टवेअरचे कंत्राट मिळाले. कंत्राटी माणसापुढे तिथे दोन वाटा असत. एक, अंब्रेला कंपनी: तिचे कागदोपत्री नोकर व्हायचे, तिने आपला वाटा आणि सगळा कर कापून दरमहा पगाराची चिठ्ठी द्यायची. दुसरी, स्वतःची लिमिटेड कंपनी काढायची: कंत्राटाचे पैसे कंपनीला मिळणार, मालकाने त्यातून थोडा पगार आणि लागेल तसा नफ्याचा हिस्सा, म्हणजे डिव्हिडंड, घ्यायचा. त्यात कर कमी पडे.

अंबरीशचा कॉलेजातला मित्र सतीश वर्षभर आधी आला होता आणि अंब्रेलात होता. मी आलो त्या शनिवारी तो जेवायला आला. मला हातात घेऊन तो मोठ्याने हसला.

"अरे अंबरीशशेठ, हे काय? सुपारी कातरायला आणलंय का?"

"कंपनीचा शिक्का आहे. ठेव खाली."

"कायद्याने आता शिक्का लागत नाही, माहितीये ना? सहीवर भागतं."

"लागत नसेल. असावा. तू आयुष्यभर पगाराच्या चिठ्ठ्या जमव."

"जमवतो बाबा. वहिनी, तुमचा नवरा मालक झाला. आता भांडी कोण घासणार?"

त्या वेळी खाजगी कंपनीला सेक्रेटरी असावाच लागे, आणि एकुलत्या एका डायरेक्टरला स्वतःच सेक्रेटरी होता येत नसे. अंबरीशने फॉर्म मंजिरीपुढे सरकवला. ती वरून वाचू लागली.

"अगं, वाचत काय बसलीस? फुलीपुढे सही कर."

"पैसे कंपनीला मिळणार. म्हणजे आपल्यालाच ना?"

"कायद्याने कंपनी ही वेगळी व्यक्ती असते. तिची देणी तिची, आपली आपल्याला. तेच तर चांगलं आहे. कर सही."

तिने सही केली. मी पहिल्यांदा दाबला गेलो, कंपनीच्या शेअरच्या दाखल्यावर, क्रमांक एक. अभिमानाने माझी स्प्रिंग थरथरली.

जुलैत मंजिरीला रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत प्रशिक्षणाची जागा मिळाली. पुण्यात तिने सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. केले होते, पण इथे नोंदणी झाल्याशिवाय तिला रक्ताची एक बाटलीही स्वतःच्या जबाबदारीवर तपासता येत नव्हती. वर्षभर प्रत्येक चाचणी शिकायची, प्रत्येकीची नोंद फायलीत ठेवायची, वरिष्ठांची सही घ्यायची. वर्ष पूर्ण झाले की नोंदणी. अर्धवट वर्षाला काही किंमत नव्हती.

तिची फाइल स्वयंपाकघरातल्या टेबलावर असे आणि तिची सुटी पाने उडू नयेत म्हणून मी त्यांच्यावर असे. शिक्क्याचे काम क्वचितच निघे, पण वजनाचे रोज निघे. तिचे अक्षर बारीक आणि सरळ होते. चुकलेली नोंद ती पुसून टाकत नसे. एक रेघ मारून शेजारी खरी लिही आणि तारीख घाली. माझ्या आयुष्यातले चांगले दिवस कुठले, असे विचाराल तर हेच.

दसऱ्याला अंबरीशने पाटावर लॅपटॉप ठेवला आणि शेजारी मला. हळदकुंकू वाहिले. गार्डन सेंटरमधून आणलेले झेंडूचे फूल माझ्या डोक्यावर ठेवले. मंजिरीने आपली फाइलही पाटावर ठेवली, तेव्हा अंबरीश म्हणाला, "तुझं अजून शिकाऊच आहे ना? पुढच्या वर्षी ठेवू." तिने फाइल उचलली.

घरखर्चापुरते सोडून बाकी पैसे तो कंपनीतच ठेवत होता. डिव्हिडंड जास्त काढला तर वरच्या दराने कर लागेल, म्हणून. काटकसर त्याच्या हाडात होती आणि त्याबद्दल मी त्याला दोष देत नाही.

नोव्हेंबरमध्ये व्हिसाचे नियम बदलले. मुदत वाढवायची तर पंच्याहत्तर गुण हवेत. ते शिक्षण, वय आणि वर्षभराची मिळकत पाहून मिळणार. तेहतिसाव्या वर्षाला वयाचे शून्य. सगळा भार मिळकतीवर आला. सतीश नियमांचे छापील कागद घेऊन आला. त्याच्याजवळ बारा पगाराच्या चिठ्ठ्या होत्या, त्याला चिंता नव्हती. मंजिरीने कागद वाचले. या वेळी तिला कुणी थांबवू शकले नाही.

"अंबरीश, इथे मिळकत म्हणजे तुझ्या हातात आलेली. कंपनीच्या खात्यातली नाही."

"कंपनी कोणाची गं? माझीच ना?"

"वेगळी व्यक्ती आहे, असं तूच म्हणाला होतास. अजून पाच आठवडे आहेत. डिव्हिडंड काढ."

"आणि वर्षभर वाचवलेलं सरकारला देऊ? अकाउंटंटचं पत्र जोडू. नफा दिसतोय की त्यात."

"त्यांना दिसेल. पण मोजतील का?"

"वहिनी बरोबर बोलतायत," सतीश म्हणाला.

"तू गप रे. पगारी माणसाला यातलं काय कळणार?"

आणि सातव्यांदा मी दाबला गेलो, अंबर सिस्टिम्सच्या नफ्याच्या पत्रावर. अक्षरांच्या खाचेत दसऱ्याची हळद राहिली होती. ठशाभोवती पिवळसर कडा उमटली. खरे सांगतो मित्रांनो, मलाही तेव्हा वाटले की माझी अक्षरे पाहिल्यावर नाही कोण म्हणेल? मालकाच्या गर्वाचा संसर्ग वस्तूलाही होतो.

मार्चमध्ये नकार आला. कंपनीत राहिलेला नफा ही अर्जदाराची मिळकत धरता येत नाही, असे त्यात लिहिले होते. अंबरीशने पत्र तीनदा वाचले. मंजिरीने एकदाच वाचले आणि शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवले.

"अपील करता येतं. अपील चालू असेपर्यंत राहता येतं, कामही करता येतं."

"आणि रोज ऑफिसात जाऊन काय सांगू? नाकारलेला माणूस आलाय, त्याला चहा द्या?"

"मला चार महिने हवेत. जास्त नकोत. जुलैत वर्ष भरतं, शेवटची सही होते. मग तू म्हणशील त्या विमानात बसते."

"पुण्यात लॅब नाहीत का?"

"आहेत. पण हे आठ महिने तिथे कुणी मोजणार नाही."

"मंजिरी, हात पसरून मी इथे राहणार नाही. विषय संपला."

विषय संपला. मंजिरीचा व्हिसा त्याच्याच व्हिसाला जोडलेला होता. एप्रिलची तिकिटे काढली गेली. कंपनी बंद करण्याचा फॉर्म आला, तो अंबरीशने एकट्याने भरला. त्यावर सेक्रेटरीची सही लागत नव्हती. मंजिरीने प्रयोगशाळेतल्या आपल्या पद्धतींच्या नोंदी पुढच्या उमेदवारासाठी तिथेच ठेवल्या आणि एके सकाळी मला फायलीवरून उचलून बाजूला केले. विमानाला माझे सव्वा किलो जास्त झाले, म्हणून मी सतीशकडे गेलो. सतीशने मला गॅरेजमध्ये रंगाच्या डब्यांमागे ठेवले. तिथे ओल होती. माझी स्प्रिंग गंजली. पितळेवर हिरवा थर चढला.

पुढच्या वर्षी, एप्रिलमध्येच, सतीश पाना शोधायला गॅरेजमध्ये आला. मोबाइल स्पीकरवर ठेवून तो पुण्याला फोन लावत होता. मंजिरीने उचलला.

"वहिनी, बातमी आहे. कोर्टाने सांगितलंय, आधी आलेल्या लोकांना नवा नियम लावणं अन्यायाचं होतं. माझ्या ऑफिसातले दोघं अपिलात होते, ते राहिले. तुम्हालाही परत येता येईल, असं म्हणतायत."

फोनमधून पुण्याच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू आले आणि मग खिडकी लावल्याचा आवाज.

"माझी जागा सप्टेंबरमध्येच भरली, सतीश. त्या मुलीचा मागच्या आठवड्यात मेल आला होता. माझ्या नोंदी फार उपयोगी पडल्या म्हणाली. आभार मानत होती."

"मग पुन्हा पहिल्यापासून..."

"पहिल्यापासून."

"अंबरीश आहे का? मी बोलतो त्याच्याशी."

"नको. जेवतोय तो. जेवू दे."

फोन ठेवल्यावर सतीशला आपण पाना शोधायला आलो होतो हे आठवले नाही. दिवा तसाच ठेवून तो आत गेला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंकडून तुम्ही एकच गोष्ट ऐकत आला असाल: आम्हाला पुसा, तेल घाला, अडगळीत टाकू नका. माझे तसे काही मागणे नाही. लोखंड गंजायचेच. माझे सांगणे माणसांबद्दल आहे. तुमच्या घरात कुणी कधी काही मागितले आणि मागताना नेमका आकडा सांगितला, चार महिने, दोन तास, एक खोली, तर त्या माणसाशी घासाघीस करू नका. त्याने तुमच्यापाशी यायच्या आधी आपली गरज कितीतरी वेळा मोजलेली असते, आणि दर वेळी थोडी कमी केलेली असते.