बाल्कनीतले सात सेकंद

मी यशोधनचा कॅमेरा. अंगावर तीन ओरखडे, आणि कार्डाच्या दोन कप्प्यांपैकी एक कायमचा बंद पडलेला. आत्ता दिल्लीहून पानिपतच्या वाटेवर, गाडीच्या मागच्या सीटवर आहे. मुरथलचे ढाबे मागे पडले. मला घाईनं बोलू द्या. पानिपतला पोचून यशोधननं लग्नाचा पहिला फोटो काढला, की माझ्या कार्डातलं जुनं काहीतरी कायमचं पुसलं जायला लागेल. ते पुसलं जाऊ नये, एवढंच मला हवंय.

माझा जन्म जपानमधला म्हणे. मला काही ते आठवत नाही बुवा. मला पहिलं आठवतं ते दिल्लीच्या चांदणी चौकातलं दुकान आणि काचेला नाक लावून उभा असलेला यशोधन. "लोकांच्या लग्नात फोटो काढत फिरणार? शाब्बास!" असं म्हणून त्याच्या सरकारी नोकरीतल्या वडिलांनी महिनाभर अबोला धरला होता. तरी हा मला घरी घेऊन आलाच. मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये त्याच्या आईनं मला हळदकुंकू लावलं. कुंकू लेन्सवर सांडलं, तेव्हा ह्याचा जीव नुसता वरखाली!

तेव्हापासून सात वर्षं मी लग्नंच बघतोय. माणसं लग्नात कशी वागतात, ते मला विचारा. मी समोर आलो की पोटं आत जातात, पाठ फिरवली की बाहेर येतात. "जेवताना फोटो नको हं" म्हणणारे काका जिलबी उचलून माझ्याकडेच बघत बसतात. आणि आमचा यशोधन? त्याला उजेडाचं वेड. कुणीही कुठंही उभं असो, त्याला उजेडाकडे वळवल्याशिवाय ह्याला चैन पडत नाही. भटजींनासुद्धा सोडत नाही. "गुरुजी, जरा इकडे तोंड." गुरुजी मंत्र म्हणता म्हणता निमूट वळतात. मला त्याचं भारी कौतुक वाटायचं.

विलासकाका त्याच्याच सोसायटीतले, केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांच्या थोरल्या मुलीचं, मैत्रेयीचं, गाझियाबादच्या मुलाशी लग्न ठरलं. फोटो कुणी काढायचे हे धाकट्या प्रज्ञानं ठरवून टाकलं. "बाहेरचा कशाला, बाबा? आपला यशोधन आहे ना यार!" लहानपणी दोघं मंडळाच्या गणपतीत एकत्र नाचलेले.

मुहूर्त मराठी, दुपारी सव्वाबाराचा. त्यामुळे वरात सकाळीच आली. हॉलच्या दारात बँड, घोडी, फुलांचा चिखल. तेवढ्यात नवरदेवाच्या आत्तेभावानं, लवलीनं, कमरेचं पिस्तूल काढून हवेत एक गोळी झाडली. ह्याला काही लोक शान समजतात. मी व्हिडिओवर होतो, पण यशोधननं मला नेमकं नवरदेवाकडे धरलेलं. तो क्षण हुकला. आणि हुकलेला क्षण यशोधनला घास गिळू देत नाही.

हॉलच्याच पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत वरात बघायला बायका जमल्या होत्या. प्रज्ञा सगळ्यांच्या पुढे, मोरपिशी साडीत, कठड्यावरून वाकलेली.

"यशोधन! ए, वर बघ ना! माझा पण एक काढ!"

त्यानं वर बघितलं. मग लवलीकडे बघितलं. दोघंही माझ्या एकाच चौकटीत बसत होते, फक्त लवली थोडा वळायला हवा होता. ऊन हॉलच्या बाजूनं येत होतं.

"भैया, ज़रा लाइट की तरफ़," यशोधन म्हणाला. "हाँ, बस. अब एक बार और!"

लवली वळला. त्याच्याबरोबर त्याचा हातही वळला, आणि तो हात सरळ वर नव्हता, तिरका होता. मला दिसलं हो! पण मी काय करणार? मी फोकस केला.

त्या चित्रफितीत सात सेकंद प्रज्ञा हसते आहे. मग आवाज होतो. पुढचं मला सांगवत नाही. हॉस्पिटलमध्ये पोचायच्या आधीच ती गेली. सव्वाबारा वाजले तेव्हा हॉलमध्ये कुणीच नव्हतं.

लवलीच्या घरचे सांगतात, गोळी सरळ वर झाडली होती, दारातल्या मांडवाच्या लोखंडाला आपटून फिरली. पाहुण्यांच्या मोबाइलवर अचानक फक्त नाचच निघाला. पोलिसांना यशोधननं सांगितलं, "त्या वेळी मी लेन्स बदलत होतो." त्यांच्या हातात त्यानं आदल्या हळदीच्या फोटोंचं दुसरंच कार्ड दिलं. मी तेव्हा बॅगेत होतो आणि मला त्याची लाज वाटली.

तेराव्यानंतर विलासकाका आले. आठवडाभर दाढी केलेली नव्हती.

"यशोधन, मला एवढंच कळू दे. त्याचा हात सरळ होता की नाही?"

"काका, मी लेन्स बदलत होतो."

"अच्छा. तुझी हेमलताकाकू बाल्कनीतच होती, ती म्हणते, प्रज्ञा तुला हाक मारत होती. तू वर बघितलंस म्हणे."

"बँड होता, काका. ऐकू नाही आलं."

"परवा कोर्टात तारीख आहे. वकील म्हणतात, कुणी काही दाखवलं नाही तर अपघात म्हणूनच जाईल." काका पाणी प्याले, ग्लास स्वतःच सिंकमध्ये ठेवला. "तू जेवत जा रे वेळेवर. किती वाळलास."

ते गेल्यावर यशोधननं कानाला हेडफोन लावून ती चित्रफीत अकरा वेळा ऐकली. त्यात बँडपेक्षा स्पष्ट त्याचाच आवाज आहे. तो माझ्या सगळ्यात जवळ उभा होता ना! मग त्यानं मला हातात घेतलं. सगळं पुसायचं का, मी विचारलं. त्यानं 'हो' दाबलं.

पण असं पुसल्यानं फक्त यादी जाते. आतलं सगळं जागेवर राहतं, नवीन फोटो त्यावर चढेपर्यंत. नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात असली कार्डं परत वाचून देणारे बसतात. हे यशोधनला पक्कं ठाऊक आहे, त्यानं स्वतः दोघातिघांना तिथे नेलंय. खणात चार कोरी कार्डं होती. आज सकाळी त्यानं त्यातलं एकही घेतलं नाही. हेच माझ्यात राहू दिलं. आणि कोर्टाची तारीख उद्या आहे.

यशोधन, गाडी बाजूला घे रे! तुझा आवाज त्यात आहे, मला माहीत आहे. तू मुद्दाम केलं नाहीस, हेही त्यातच ऐकू येतं. लोक तुला बोलतील, कदाचित पुन्हा कुणी लग्नाला बोलावणार नाही. मला विकून टाक, आपटून फोड, मी हूं की चूं करणार नाही. पण ते कार्ड विलासकाकांच्या हातात दे. प्रज्ञा अजून माझ्या आत बाल्कनीत उभी आहे. तिच्यावर दुसऱ्या कुणाची मेंदी चढवू नकोस.

पानिपत आलं. गाडी थांबली. दाराला झेंडूचं तोरण आहे, स्पीकरवर सनई लागली आहे. नवरीची आई आरतीचं ताट घेऊन पायरीवर उभी राहिली आहे, पदर सारखा करून. यशोधननं मला गळ्यात अडकवलं, लेन्सचं झाकण काढलं, डोळा लावला. त्याच्या श्वासानं माझी मागची काच धुरकटली आहे. बोट बटणावर आलं. बटण अर्धं दाबलं की मी फोकस करतो, पूर्ण दाबलं की फोटो निघतो.

त्यानं अर्धं दाबलं आहे. बाई हसून थांबली आहे. तोही थांबला आहे.