टाकीवर चढणारी शिडी

नर्सिंगच्या मुलींचं जुनं हॉस्टेल, त्याच्या गच्चीवर सिमेंटची उंच टाकी, आणि त्या टाकीला लागून उभी आहे ती मी, सोळा पायऱ्यांची लोखंडी शिडी. एरवी माझी कहाणी सावकाश सांगितली असती. आज तेवढी सवड नाही, तेव्हा पाल्हाळ लावत नाही.

मला घडवणाऱ्या वेल्डरचा हात चांगला होता, पण जीव जेवणाच्या डब्यात अडकला होता. खालचे बोल्ट त्यानं टाकीच्या भिंतीत खोल बसवले. वरचे दोन आखूड निघाले. त्यानं मला एकदा हलवून पाहिलं आणि म्हणाला, "चालतंय." तेव्हापासून माणसांच्या तोंडून हा शब्द ऐकला की मी आधी माझे वरचे बोल्ट मोजते. माझ्या मागे हातभर अंतरावर गच्चीचा कठडा आहे, आणि त्यापलीकडे तीन मजले खाली अंगण.

तरी मी उभी राहिले, कारण चार मुलींनी मला लळा लावला. वॉर्डातली ड्युटी संपली की संध्याकाळी त्या टाकीवर येऊन बसायच्या. मोठी ती ताई, बारकी ती काडी, एका जागी न ठरणारी भिंगरी आणि सदा गाणारी चिमणी. औषध देण्याआधी एकीनं विचारायचं आणि दुसरीनं डोळ्यांनी बघून उत्तर द्यायचं, हा त्यांच्या वॉर्डाचा नियम. तोच त्यांनी मला लावला. ताई विचारायची, "तपासलं?" काडी मला गदागदा हलवायची, बोल्ट चाचपायची आणि म्हणायची, "तपासलं." मगच चढायच्या. टाकीच्या झाकणावर चिमणीनं कात्रीच्या टोकानं चौघींची टोपणनावं कोरली.

पुढे हॉस्टेल बंद झालं, टाकी कोरडी पडली, मी गंजले. वरचा डावा बोल्ट गेल्या पावसाळ्यात गळून पडला. उजवा नुसता नावाला भोकात आहे.

आज दुपारी ओळखीचे आवाज जिन्यावरून आले. एका दिवसासाठी आलेल्या, संध्याकाळच्या गाडीनं परत जाणाऱ्या तिघी. चिमणी नव्हती. सोमवारी ही इमारत पाडणार आहेत. पहारेकऱ्यानं बजावलं होतं, "मावशी, खालच्या खोल्या बघा, गच्चीवर जाऊ नका." पण ऐकतील तर त्या नर्स कसल्या! जन्मभर दुसऱ्यांना ऐकवत आलेल्या.

त्यांना पाहून मला भरून आलं, खोटं कशाला बोलू.

"अगं बाई, आपली शिडी!" भिंगरी ओरडली.

ताईनं हसत विचारलं, "तपासलं?"

"तपासलं!" काडी म्हणाली. हात तिनं पर्समधून बाहेरसुद्धा काढला नव्हता. तिघी पोट धरून हसल्या.

मला मात्र त्यात गंमत वाटेना. काडी आता काडी राहिलेली नाही. तिनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला तशी मी होता नव्हता तेवढा जीव एकवटून करकरले.

"बघ, ओळखलं हिनं आपल्याला!" भिंगरी म्हणाली.

आता काय करावं? पहिली पायरी अर्धी तुटलेलीच होती, ती मी सोडून दिली. काडी धपकन खाली आली, तिची नडगी खरचटली. ताईचं हसू मावळलं.

"पुरे झालं. या वयात हातपाय मोडून घ्यायचेत का?"

"अगं, पण चिमणीचं अक्षर वर आहे," काडी म्हणाली.

"चिमणीच गेली, अक्षराचं काय घेऊन बसलीस?"

काडी खाली मान घालून म्हणाली, "तीनदा निरोप धाडला गं तिनं मला. मी आपला जुना अबोला धरून बसले. तिच्या आजारपणात एकदा तरी जायला हवं होतं." ताईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. मलाही त्या बाईची दया आली, आणि तिच्या हट्टाचा रागही आला.

"तुम्ही व्हा पुढे," काडी म्हणाली. "नडगी पुसून आलेच."

दोघी जिना उतरून गेल्या. त्यांच्या चपलांचा आवाज ऐकू येईनासा झाला तशी काडीनं पर्स खाली ठेवली आणि सरळ दुसऱ्या पायरीवर पाय टाकला.

ती आता अकराव्या पायरीवर आहे. उजवा बोल्ट बोटभर बाहेर आलाय. भिंतीला चिकटून राहायचा मी आटापिटा करतेय, पण तिच्या दर पावलाला भिंत माझ्यापासून थोडी सुटते. मी करकरतेच आहे. ती मला म्हणते, "हो गं, आले, आले."

खाली अंगणात ताई आणि भिंगरी एकमेकींचे फोटो काढतायत. माझं बोलणं तुमच्यापर्यंत पोचत असेल तर त्यांना वर बघायला सांगा. नाहीतर तुम्हीच तिला हाक मारा. ओरडू नका, दचकेल. चिमणी रागावलेली नव्हती म्हणावं, म्हणूनच तीनदा बोलावलं. एकेक पायरी खाली उतर म्हणावं.

मारा ना हाक. तिनं बाराव्या पायरीसाठी पाय उचललाय.