गाडीची सोंड

आमच्या गॅरेजात दादा तोंड आणि मी हात. गिऱ्हाईक आलं की दादा पुढे, इस्त्रीचा शर्ट घालून, हसत. गाडी आत आली की मी तिच्याखाली, दातांत टॉर्च धरून. याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. गोड बोलणं मला जमत नाही. वेल्डिंग करते आणि पटकन पेटते, म्हणून सगळे मला ठिणगी म्हणतात, आणि ते काही लाडानं नाही. पण त्या पिकअपच्या वेळी दादानं हातानं करायचं काम तोंडानं केलं. तो राग अजून गेलेला नाही.

पिकअप गावातल्या एका शेठनी स्वतःच्या पैशानं घेतलेली, नदीपलीकडच्या वस्त्यांवर जाणाऱ्या नर्सताईंना द्यायला. पलीकडची सगळी बाळंतपणं ताईच करतात. नदीवर पूल नाही. दगडांचा एक उतार आहे, त्यावरून गाडी पाण्यात घालायची आणि देवाचं नाव घ्यायचं. ताईंची जुनी जीप अशीच मधोमध बंद पडली आणि बघता बघता आडवी होऊन वाहत गेली. ताई दरवाजातून बाहेर पडल्या म्हणून वाचल्या.

म्हणून मी ही गाडी मन लावून बांधली. मागचे स्प्रिंगचे पाटे बदलले, उंच शॉकअप टाकले, दातेरी टायर चढवले. गाडी उंच केली की ब्रेकचे पाइपही लांब घ्यावे लागतात, नाहीतर चाक खड्ड्यात लोंबकळलं की पाइप ताणून तुटतो. तेही केलं. इंजिनखाली जाड पत्रा, पुढे रुतलेली गाडी केबलनं ओढून काढायला विंच, मागे स्ट्रेचर बांधायला कड्या. राहिली फक्त सोंड.

सोंड म्हणजे छताच्या उंचीला नेलेली हवेची नळी. इंजिन श्वास घेतं ते बॉनेटच्या आत, हेडलाइटच्या मागून. तिथं पाणी शिरलं आणि इंजिननं एक घोट जरी घेतला, तरी आतले दांडे वाकतात आणि गाडी जागेवर मरते. म्हणून बाजूच्या मडगार्डला मोठं भोक पाडायचं, त्यातून नळी बाहेर काढायची आणि वर छतापर्यंत न्यायची. मग गाडी नाक वर करून पाण्यातून चालते.

"सोंड मी बसवतो," दादा म्हणाला. मला हसूच आलं. हात काळे करायची हौस याला कधीपासून? पण सोंड बाहेरून दिसते, फोटोत येते. म्हटलं, बसव बाबा, तेवढंच तुझं नाव. मी दुसऱ्या दिवशी विंचची केबल आणायला गेले. परत आले तर सोंड उभी होती, काळी, चकचकीत. मी मान डोलावली आणि कामाला लागले.

आमच्या बाबांनी गॅरेज सुरू केलं तेव्हापासून एक नियम आहे. ज्यानं भाग बसवला, त्यानं पहिल्या फेरीला ड्रायव्हरच्या शेजारी बसायचं. ब्रेक केलेस? चल, बस, उतारावर. स्टिअरिंग केलंस? बस. बाबा म्हणायचे, अशानं नट आपोआप घट्ट बसतात. आता बाबांचे हात थरथरतात, ते दारात खुर्ची टाकून नुसते बघतात. पण नियम आहे तसाच आहे.

गाडी द्यायचा कार्यक्रम दादानं आमच्याच अंगणात ठेवला, म्हणजे फोटोत पाटी येईल. खुर्च्या, माइक, बॉनेटवर लाल फीत. शेठ आले. बाबांना पहिल्या रांगेत बसवलं. ताई मात्र रबरी बूट घालून, खांद्यावर पिशवी अडकवून आल्या.

"मी इथूनच निघणार गं ठिणगे," त्या म्हणाल्या. "पलीकडे एकीला कळा सुरू झाल्यात. वरून धरणाचं पाणी सोडलंय म्हणे, उतारावर चांगलंच आहे. तू येतेयस ना शेजारी? तुझ्या दादानं सांगितलं, काम सगळं ठिणगीनं केलंय, तीच बसेल."

"येते की," मी म्हटलं. ताईंनी पिशवी मागे ठेवली. मला वाटलं, निघण्याआधी एकदा तेल बघून घ्यावं. फीत बाजूला सारून मी बॉनेट उघडलं.

हवेची जुनी नळी होती तशीच होती. हेडलाइटच्या मागे तोंड करून आरामात बसलेली. मडगार्डला आतून हात लावला, पत्रा गुळगुळीत. भोकच नव्हतं. बाहेर येऊन सोंडेच्या कडेला नख घातलं, तर चिकटपट्टी निघाली. दुहेरी चिकटपट्टी आणि वर काळं सिलिकॉन! लहान मुलं वहीवर स्टिकर लावतात, तशी माझ्या भावानं गाडीला सोंड चिकटवली होती.

तळपायाची आग मस्तकात गेली. बॉनेट आपटलं आणि दादाला दंडाला धरून मी तेलाच्या पिंपांच्या मागे नेलं.

"भोक कुठंय?"

"हळू बोल," तो म्हणाला. "शेठ म्हणाले होते, नव्या गाडीवर एक ओरखडा दिसता कामा नये."

"मग त्यांना सांगायचं होतंस की कापावं लागतं!"

"दात्याला नाही म्हणायचं? कार्यक्रम होऊ दे. पुढच्या सर्व्हिसिंगला आणतील ना, तेव्हा पाडू भोक."

"ताई आत्ता निघाल्यात. आत्ता, दादा! पाण्यात."

"त्या सांभाळून घालतात गं. दर वेळी काय बुडतात?" आणि त्यानं कॉलर नीट केली. "प्लीज, आज तमाशा नको. शेठच्या बाकीच्या गाड्या आपल्याकडे येणारेत."

तो गेला आणि माइकसमोर उभा राहिला. दादा बोलायला लागला की माणसं ऐकत राहतात, हे देणं आहे त्याच्याकडे. "ही गाडी," तो म्हणाला, "गळ्यापर्यंत पाण्यात गेली तरी श्वास घेत राहील!" टाळ्या पडल्या. ताईंनीही वाजवल्या. बूट घातलेली ती बाई या थापेवर विश्वास ठेवून, कौतुकानं टाळ्या वाजवत होती. मला ते बघवेना.

मी गाडीत बसले, इंजिन सुरू केलं, टायरवर पाय देऊन बॉनेटवर चढले. फीत पायाखाली आली ती आलीच. सोंडेची वरची जाळीची टोपी काढली आणि नळीच्या तोंडावर तळहात दाबून धरला.

"काय करतेस? उतर खाली!" माइकमधूनच दादा ओरडला.

"नाक दाबलंय हिचं," मी म्हटलं. "आता हिनं गुदमरून बंद पडायला पाहिजे. पडतेय का बंद?"

इंजिन मजेत गुरगुरत होतं. मी दुसराही हात ठेवला. काही नाही. मागच्या रांगेतल्या कुणीतरी पुन्हा टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं असेल, गाडीची करामत चाललीय.

ताई मात्र उठल्या. जवळ येऊन त्यांनी सोंडेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग ही श्वास कुठून घेतेय?"

मी हेडलाइटकडे बोट दाखवलं. ताईंचा चेहरा पांढरा पडला. पाणी कुठवर येतं हे त्यांना सांगायची गरज नव्हती.

"शेठ," मी वरूनच ओरडले, "तुम्ही म्हणालात गाडीला ओरखडा नको?"

शेठ गोंधळून उभे राहिले. "हो, म्हणजे रंग जपा म्हटलं होतं. कामासाठी कापायचं असेल तर कापा की! मला काय कळतं त्यातलं? मला कुणी विचारलंच नाही."

म्हणजे साधं विचारलंसुद्धा नव्हतं. नाही म्हणायची वेळच येऊ नये म्हणून माझा भाऊ मूग गिळून बसला, आणि चिकटपट्टी विकत घेऊन आला.

मी इंजिन बंद केलं. माइकची वायर बोर्डातून उपटली आणि तिथं ड्रिलची खोचली. सोंड ओढून काढली, ती लाज वाटावी इतक्या सहज हातात आली. मडगार्डवर खूण केली, गोल कटर लावला. नव्या कोऱ्या पत्र्यातून ठिणग्या उडाल्या आणि पहिल्या रांगेतल्यांनी खुर्च्या मागे घेतल्या. ताई घड्याळ बघत होत्या. जितकी घाई करता आली तितकी केली, पण बोल्ट एकही कमी लावला नाही. नळी आत फिल्टरला जोडली, क्लिपा आवळल्या, कडेला रबर भरलं.

"दादा, इकडे ये. चढ वर. हात ठेव."

सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. तो इस्त्रीच्या शर्टात बॉनेटवर चढला. मी इंजिन सुरू केलं. त्यानं सोंडेच्या तोंडावर तळहात ठेवला. हात आत ओढला गेला तसा तो दचकला. इंजिन घरघरलं, धडपडलं आणि बंद पडलं. दादानं हात सोडवून घेतला. तळव्यावर लाल गोल वळ उठला होता.

"चला ताई," मी म्हटलं आणि हात पुसले.

तेवढ्यात बाबा खुर्चीतून उठले. बाबा आयुष्यभर दादाच्या बाजूनं बोलत आलेत. त्याला माणसं सांभाळायची असतात, तू जरा समजून घे, हे मी जेवणापेक्षा जास्त वेळा खाल्लंय. मला वाटलं, आता मलाच बोलणार. ते थरथरत गाडीपाशी आले आणि दादाला म्हणाले, "सोंड तू बसवली होतीस. मग आज शेजारी कोण बसणार होतं?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. मग त्याच्या डोळ्यांत हळूहळू काहीतरी चढत गेलं, आणि खरं सांगते, तोपर्यंत मलाही ते सुचलं नव्हतं. मी ताईंसाठी भांडत होते. पलीकडच्या बाईसाठी भांडत होते. त्या पाण्यात मीही असणार होते, हे माझ्या रागात कुठं बसलंच नव्हतं.

"माझ्या लक्षातच आलं नाही गं," दादा म्हणाला. त्याचा आवाज फुटला. "शप्पथ. लक्षातच नाही आलं."

मला ते शंभर टक्के पटलं, आणि म्हणूनच जास्त लागलं. मुद्दाम केलं असतं, तर निदान त्याच्या मनात मी एकदा तरी आले असते.

"मी बसतो शेजारी," तो म्हणाला.

"नको. बसवलीय मी, बसणार मी."

गाडीचं दार बाबांनी लावलं, दोन्ही हातांनी, कारण एका हातानं त्यांना जमत नाही.

उतारावर पाणी गढूळ आणि जोरात होतं. ताईंनी गाडी हळूहळू आत घातली. पाणी टायरवर आलं, मग हेडलाइटवर, मग बॉनेटवर पसरलं. खिडकीबाहेर सोंड भसाभस हवा ओढत होती. शेवटी गाडी पलीकडच्या चढाला लागली.

मग ताईंनी गिअर बदलला. "अजून चिडलीयस?"

"हो," मी म्हटलं. "तुम्ही पुढे बघा."