पेंडीच्या पोत्याचा चमत्कार

"एकशे शहाऐंशी!" कुणीतरी ओरडलं आणि आमच्या अंगणातल्या चाळीस माणसांनी हात जोडले.

हात जोडले ते दूध डेअरीच्या जुन्या फलकाला. माझ्या सात वर्षांच्या राजनंदिनीला, आमच्या नंदूला, मधुमेह आहे. तिच्या दंडावर साखर मोजणारा सेन्सर असतो. फोन टेकवला की आकडा दिसतो. मी दिवसभर फोन घेऊन तिच्यामागे धावायची. ते बघून माझ्या दिरानं, डेअरीची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या धैर्यशीलनं, सेन्सरवर छोटं ब्लूटूथ यंत्र बसवलं आणि ते भंगारातल्या फलकाला जोडलं. दर पाच मिनिटांनी लाल आकडा. वर 'फॅट' लिहिलेलं तसंच राहिलं. आमच्या गावानं जन्मभर त्याच लाल आकड्यावर दूध घातलेलं. फलकावर उमटलं की विषय संपला!

हात लावून मधुमेह बरा करतो म्हणणाऱ्या साखरओढे महाराजांनी नंदूचा दंड सेन्सरसकट मुठीत आवळला होता आणि फलकावरचा आकडा उतरत होता. "साखरे, बाहेर ये! या देहातलं गाळप आजपासून बंद! मळी भुईत, साखर माझ्या हातात!"

एकशे एकेचाळीस. अठ्ठ्याण्णव. चौऱ्याहत्तर!

"आयला, साखर कारखान्याला बी एवढा उतारा पडत न्हाय की!" शेजारच्या बाळाबाई म्हणाल्या.

महाराजांनी वाडीच्या प्रसादाचा पेढा काढला. "खा बाळ. आणि त्या सुया-कुप्या नदीच्या संगमावर सोडून या."

आक्का, माझ्या सासूबाई, इन्सुलिनचा डबा घेऊन निघाल्यासुद्धा. इन्सुलिनशिवाय माझी पोर चार दिवस काढणार नव्हती.

मी दारात आडवी झाले. "आक्का, आधी बोटाचा थेंब बघू."

"फलक दिसत न्हाय व्हय तुला?"

नंदूनं सवयीनं बोट पुढे केलं. पट्टीवर रक्ताचा थेंब, यंत्रावर आकडा: दोनशे बासष्ट.

"ते यंत्र नास्तिक हाय," महाराज म्हणाले.

तेवढ्यात नंदू म्हणाली, "मम्मी, मी या कुशीवर झोपले तरी फलक खाली येतो की."

पेढा काढताना महाराजांनी दंड सोडला होता. फलकावरचा आकडा हळूहळू वर चढू लागला. दोनशे चाळीसवर गेल्यावर मी नंदूला पेंडीच्या पोत्यावर त्या दंडावर आडवं केलं. चाळीस माणसं पोत्याकडे टक लावून. वीस मिनिटांत फलक ब्याऐंशीवर. बोटाचा थेंब? दोनशे अठ्ठावन्न.

"पोत्याला हार घाला की पावणं!" धैर्यशील ओरडला.

"पोत्यात माझीच शक्ती शिरली," महाराज पुटपुटले.

"मग ही पेंड म्हशीला घालतो, म्हस बी बरं करंल लोकं!"

हशा पिकला. पेढे तिथेच ठेवून महाराज मोटारसायकलवर बसले. मी नंदूला इन्सुलिन टोचलं.

मग धैर्यशीलनं सांगितलं, "सेन्सरची तार कातडीखालच्या पाण्यातली साखर मोजते, रक्तातली न्हाय. दंड दाबला की तिथं साखर पोचत न्हाय. आकडा पडतो, रोग तिथंच."

आक्कांनी डबा गुमान फ्रिजमध्ये ठेवला. "क्रांती," त्या हळूच म्हणाल्या, "मी फलकालाच देव मानलं गं."

फलक अजून आहे आणि कामाचा आहे. त्याच्याखाली मी पाटी लावली आहे: दंड दबलाय का बघा. शंका आली तर बोटाचा थेंब घ्या. इन्सुलिन फक्त डॉक्टरला विचारून बदला. आकडा देवानं दाखवला, महाराजांनी दाखवला की आम्ही घरी जोडलेल्या यंत्रानं, तो तपासल्याशिवाय लेकराच्या जिवाशी खेळू नका.