वटवट्या परतला

माझी थोरली बहीण श्रवणयंत्रं विकते आणि मी तिच्या दुकानात लोकांचे कान तपासते. जाहिरातीचं खातं ताईच्या यजमानांकडे, म्हणजे भाऊजींकडे आहे, कारण दुकानातलं दुसरं काही त्यांच्या हाती देण्यासारखं नाही.

मागे भाऊजींच्या डोक्यात पाहुण्या लेखांचं खूळ शिरलं. नावाजलेल्या ब्लॉगला पैसे द्यायचे, त्यांनी आपला लेख छापायचा आणि तो वाचून लोकांनी आपल्या पानावर यायचं. लाखभर वाचक असलेला ब्लॉग त्यांनी गाठला. 'आनंदी आयुष्याचे दहा मंत्र' असा लेख होता; कान सातव्या मंत्रात आले. हजारेक माणसं आमच्या पानावर आली आणि सरासरी नऊ सेकंद थांबली. फोन एकच आला. त्या गृहस्थांना त्यांचा लेख आमच्या पानावर छापायचा होता.

"नाव तर झालं," भाऊजी म्हणाले.

"कुणाचं?" ताईनं विचारलं.

पुढचा ब्लॉग तिनं स्वतः निवडला. एक आजोबा यंत्र घेताना म्हणाले होते की पक्षी ऐकायचेत, आणि पक्ष्यांचा एक ब्लॉग आपण न चुकता वाचतो. तो एक निवृत्त भूमापक चालवत होते. गळ्यात कायम दुर्बीण, म्हणून सगळे त्यांना दुर्बीणकाका म्हणत. वाचक जेमतेम तीनशे, पण बहुतेक साठी ओलांडलेले. भाऊजींनी कपाळाला हात लावला. ताईनं पैसे भरले.

दुर्बीणकाकांची अट होती की लेख पक्ष्यांवरच हवा आणि तुम्हीच लिहायचा. ताईनं मला बसवलं. आम्ही खरं तेच लिहिलं: वयानुसार आधी बारीक, उंच आवाज जातात, त्यामुळे छोट्या पक्ष्यांची शीळ माणसाला सगळ्यात आधी ऐकू येईनाशी होते. दाखल्यासाठी मी त्यांचाच ब्लॉग चाळला आणि हात थांबला. तळ्याकाठच्या लव्हाळ्यातला बारीक आवाजाचा वटवट्या हा छोटा पक्षी नाहीसा झाला म्हणून काका सहा वर्षं लिहीत होते. नवा फिरण्याचा रस्ता, नगरपालिका, माणसांचा हावरटपणा, कुणालाच त्यांनी सोडलं नव्हतं.

मी वटवट्याचा दाखला दिला. काकांचं नाव न घेता लेख त्यांच्याकडे पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच काका पायरीवर उभे.

"माझ्याच ब्लॉगवर, मलाच पैसे देऊन, मला बहिरा म्हणताय?"

"तसं कुठं लिहिलंय?" ताई म्हणाली. "पण आलाच आहात तर पाच मिनिटं बसा."

मी त्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर हेडफोन चढवले. आवाज आला की बटण दाबायचं. जाड आवाजांना ते झटपट दाबत होते. बारीक आवाज सुरू झाले तसा त्यांचा अंगठा नुसताच बटणावर राहिला. बाहेर आल्यावर त्यांनी आलेख हातात घेतला. आयुष्यभर चढउतार मोजलेला माणूस. ती घसरण त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

"आठ दिवस यंत्र वापरून बघा," ताई हळूच म्हणाली. "नाही पटलं तर परत आणा."

लेख छापला गेला. वर 'सशुल्क' हा शब्द शीर्षकापेक्षा ठळक होता. आमच्या पानावर चार जण आले. त्यातले एक भाऊजी.

आठवड्यानं काकांचा नवा लेख आला: 'वटवट्या परतला'. सहा वर्षांच्या लढ्याला यश आल्याचं त्यात होतं, नगरपालिकेला उशिरा का होईना शहाणपण सुचल्याचं होतं. यंत्राचा एका अक्षरानं उल्लेख नव्हता. मी चिडले. ताई म्हणाली, "थांब जरा."

वाचक सकाळी सकाळी तळ्यावर लोटले. थोड्यांना वटवट्या ऐकू आला, पुष्कळांना नाही. ज्यांना आला नाही ते घरी येऊन पुन्हा ब्लॉग उघडून बसले, आणि 'वटवट्या परतला'च्या खालीच आमचा लेख होता. मंगळवारी आमच्या बाकावर जागा उरली नाही. एक बाई नवऱ्याला दंडाला धरून घेऊन आल्या. "मला ऐकू येतो, यांना नाही. आणि मीच खोटं बोलते म्हणतात."

काका यंत्र परत करायला आले नाहीत. विकत घ्यायला आले. मी न राहवून विचारलं, "वटवट्या गेलाच नव्हता, हे वाचकांना सांगणार का?"

त्यांनी दुर्बिणीची काच पुसली. "सहा वर्षं मला वाटायचं, हे तळं मेलं. त्या सकाळी तिथं बसलो आणि रडलो. माझ्यापुरता तो परतलाच ना?"

मी यंत्राची पावती फाडून त्यांच्या हातात दिली.

पुढे भाऊजींनी व्यापाऱ्यांच्या सभेत भाषण केलं. वाचकांच्या आकड्याला भुलू नका, आपलं गिऱ्हाईक जिथं आधीच बसलंय तो ब्लॉग धरा, असं आपण सुरुवातीपासून सांगत आलो, असं ते म्हणाले. ताईनं सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या लेखासाठी ती काकांकडे गेली तेव्हा त्यांनी दर वाढवला होता आणि एक नवी अटही घातली होती.

"या वेळी कानांचा विषय नको. वाचक दुखावतात."

ताईनं घुबडांवर लिहायचं कबूल केलं. घुबड अंधारात उंदीर कानांनीच शोधतं, हे तिनं त्यांना सांगितलं नाही.