फ्रीझरचं दार

जर्मनीतल्या डार्मश्टाटच्या एका प्रयोगशाळेत एक रीत होती. ज्याच्या हातून चूक होई, त्याने पुढच्या सोमवारी सगळ्यांसाठी केक करून आणायचा. केक संपला की विषय संपला. उणे ऐंशी अंशांचा फ्रीझर शनिवार-रविवार उघडा राहून सगळ्यांचे नमुने वितळले, तेव्हा सफरचंदाचा केक घेऊन आल्या त्या फ्राउ लिंडनर, तिथल्या जुन्या तंत्रज्ञ. शुक्रवारी शेवटी दार लावणाऱ्या आपणच, तेव्हा चूकही आपलीच, असं त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं होतं.

खरं तर दार तिथे पीएचडी करणाऱ्या सुनेत्राने उघडं टाकलं होतं. फ्राउ लिंडनर गेल्यावर ती राहिलेला डबा ठेवायला परत आली होती. रबरावर बर्फ साचलाय, दार नीट बसलं नाही, हे तिच्या हाताला कळलं होतं. पण ट्राम चुकेल म्हणून ती तशीच पळाली. केकच्या त्या सोमवारी ती बोलणार होती. पण त्याच महिन्यात तिच्या पीएचडीच्या कराराला मुदतवाढ मिळायची होती. तेवढ्यात कोणीतरी तिच्या हातात बशी दिली, आणि तिने केक खाल्ला.

पुढे तिचे प्रयोग एकामागून एक फसू लागले. सुनेत्रा नगरच्या एका चर्चच्या पाळकांची मुलगी. देव शिक्षा करतोय हे तिने ओळखलं आणि निमूट सोसायला लागली. शुक्रवारी उपास धरला. रविवारी उपासनेत प्रभुभोजनाचं तबक आलं की ती ते शेजारच्याकडे सरकवायची. मैत्रिणींचे फोन घेईनाशी झाली. खोलीत भिंतीकडे तोंड करून जेवायची आणि भांडं धुऊन ठेवायची. त्यातही एक समाधान होतं: आपण भोगतोय, म्हणजे पाप फिटतंय.

एक दिवस कॉफी घेताना फ्राउ लिंडनर हळूच म्हणाल्या, "ते दार मी दाबून लावल्याचं मला स्वच्छ आठवतं. आणि तरी ते उघडं होतं. माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं, सुनेत्रा. गुरुवारी डॉक्टरकडे जातेय, स्मरणशक्तीच्या तपासणीला."

त्या संध्याकाळी तिने पप्पांना फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"आणि देव शिक्षा करतोय म्हणतेस?" पप्पांनी विचारलं.

"माझा एकही प्रयोग होत नाहीये, पप्पा."

"तुझं रसायन शिळं झालं असेल. त्याचं बिल देवाच्या नावावर फाडू नकोस." मग त्यांनी विचारलं, "केकचा घास घशात अडकला होता ना?"

"हो."

"देवाची शिस्त ती. मागे फीर म्हणून. पुढचं सगळं तू स्वतः मांडलंस. उपास सोपा असतो गं बाळा, त्याला कोणाच्या डोळ्यांत बघावं लागत नाही."

"करार गेला तर?"

"जाईल कदाचित. तिकडे ती बाई स्वतःला वेडी समजतेय."

दुसऱ्या दिवशी सकाळी फ्राउ लिंडनर प्रयोगशाळेच्या किचनमध्ये एकट्याच होत्या. सुनेत्रा उभ्याउभ्याच बोलली. एकही कारण सांगायचं नाही असं तिने येतानाच ठरवलं होतं.

"म्हणजे मी लावलं होतं?" फ्राउ लिंडनरनी विचारलं.

"लावलं होतं."

"दाबून?"

"दाबून. मी नंतर उघडलं."

त्या खुर्चीवर बसल्या. "शेगडी बंद केली की नाही ते बघायला मी रोज अर्ध्या वाटेतून घरी परत जाते. आणि तू माझ्याशेजारी बसून कॉफी पीत होतीस."

सुनेत्राने त्यांच्यावरची नजर काढली नाही.

"प्रोफेसरांना सांगितलंस?"

"आता जाते. आधी तुम्हाला सांगायचं होतं."

"मग जा. आणि आज माझ्याशी बोलू नकोस."

"उद्या?"

"उद्याचं उद्या बघू."

कॉरिडॉरमध्ये कोणी नव्हतं. प्रोफेसरांच्या दाराशी ती पोचली तेव्हा मागे किचनमधून फोनवरचा आवाज आला. फ्राउ लिंडनर डॉक्टरांच्या दवाखान्यात स्वतःचं नाव सांगत होत्या आणि गुरुवारी येणार नसल्याचं कळवत होत्या. आवाज खणखणीत होता.

सुनेत्राने दार वाजवलं. "हेराइन, आत या," आतून प्रोफेसर म्हणाले, आणि ती आत गेली.